आधी ब्रेक, शेवटी रंग

पिंपरीच्या टेल्को कारखान्यातून १९८८ साली टाटामोबाइल २०६ बाहेर पडली. ट्रकवाली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची ही पहिली पिकअप. पुढे १९९१ ची सिएरा आणि १९९२ ची इस्टेट याच गाडीच्या सांगाड्यावर उभ्या राहिल्या, आणि १९९४ ची सुमो सुरुवातीला याच इंजिनावर धावली. पुण्याच्या मोटार उद्योगाचा एवढा मोठा वंश या एका गाडीपासून सुरू होतो, पण आज रस्त्यावर ती क्वचितच दिसते. २००५ साली छोटा हत्ती आला आणि लहान मालवाहतुकीचं गणितच बदललं. उरल्यासुरल्या २०६ कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या गॅरेजच्या भिंतीला टेकून, चाकांत गवत वाढवत उभ्या आहेत. त्यांपैकी एक सध्या माझ्या अंगणात चार घोड्यांवर चढवलेली आहे. ती देवगडकडची. आंब्याच्या पेट्या वाहून निवृत्त झालेली, आणि समुद्राच्या वाऱ्याने पुरती खाल्लेली.

अशी गाडी घरी उघडली की सल्ला द्यायला दोन प्रकारची माणसं येतात. पहिली म्हणतात, भंगारात घाला, धूर ओकणारी जुनी डिझेल गाडी कशाला जिवंत करताय? दुसरी डोळ्यांत कौतुक घेऊन येतात आणि विचारतात, रंग कुठला देणार? मला या दोघांशीही मतभेद नोंदवायचा आहे. जुनी गाडी घरी दुरुस्त करण्याचं समर्थन आठवणींच्या आधाराने होत नाही, आणि पैसे वाचतात म्हणूनही होत नाही, कारण ते फारसे वाचत नाहीत. माझ्या मते त्याचं एकच भक्कम समर्थन आहे, ते जबाबदारीचं. ज्याने स्वतः ब्रेकचा ड्रम उघडला, चेसिस हातोडीने ठोकून पाहिली, नोझल तपासून आणली, त्याला आपल्या गाडीपासून इतरांना काय धोका आहे हे नेमकं ठाऊक असतं. नव्या गाडीच्या मालकाला ते ठाऊक नसतं, आणि त्याला ते ठाऊक असावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. सरकार मात्र गाडीचं वय मोजतं आणि हौशी मंडळी तिची चमक मोजतात. गाडीची अवस्था मोजणारा मधल्या मध्ये एकटा पडतो.

सुरुवात गंजापासून करू, कारण गाडीचा निकाल तिथेच लागतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, आणि मीठ असलं की तो झपाट्याने पसरतो. म्हणून कोकणातली गाडी आणि मराठवाड्यातली गाडी एकाच वयाच्या असल्या तरी एकाच अवस्थेत नसतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं, तिथे फटीत पाणी शिरतं, गंज फुगतो आणि पत्रे आतून एकमेकांपासून फाकत जातात. बाहेरून दिसतो तो फक्त रंगाखालचा एक बारीक फोड. माझ्या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराला खालच्या बाजूला असे मोजके फोड होते. दार उतरवून उलटं केलं तेव्हा खालची घडी वेफरसारखी सुटून हातात आली. पाणी निघून जायला तिथे भोकं ठेवलेली असतात. ती वर्षानुवर्षांच्या लाल मातीने गच्च बसली होती. म्हणजे दार बाहेरच्या पावसाने कुजलं नाही, आत साठलेल्या पाण्याने कुजलं. दर पावसाळ्याआधी एक तार फिरवली असती तर ते दार अजून वीस वर्षं टिकलं असतं.

बॅटरीखालचा पत्रा, मागच्या चाकांवरच्या कमानी, केबिनच्या फरशीचे कोपरे आणि पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला बसतात ती जागा, एवढं आधी पाहावं. पाहावं म्हणजे डोळ्यांनी नव्हे. हातोडीने ठोकावं आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचावं. धड पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. चेसिसवर वर्षानुवर्षं जळकं ऑइल फासलेलं असेल तर ते आधी रॉकेलने धुऊन काढावं लागतं, कारण त्याखाली काय लपलंय ते त्याशिवाय कळत नाही. जळकं ऑइल फासायची ही सवय आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण ते धूळ धरून ठेवतं, रबरी बुश फुगवतं, आणि पहिल्या पावसात निम्मं जमिनीत उतरतं. इंजिनात वापरून झालेलं तेल कातडीला आणि विहिरीला दोन्हींना घातक आहे. ते डब्यात भरून तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावं.

सुटे भाग गंजातून मोकळे करायची एक पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात चांगलं लोखंड खरवडलं जात नाही. प्लास्टिकच्या टिपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगारातला लोखंडी तुकडा धन टोकाला. प्रवाह सोडला की भागावरून बारीक बुडबुडे निघू लागतात, दुसऱ्या दिवशी गंज काळा पडून ब्रशने सुटतो आणि खालून कारखान्याचा ठसा वर येतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचा मोह टाळावा, कारण त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. निघणारा वायू हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचं आणि जवळ बिडी पेटवायची नाही. हे सगळं घरच्या घरी होतं. चेसिसचं वेल्डिंग मात्र घरी शिकून करायचं काम नाही, हे मी ठासून सांगतो. चेसिस ताण पेलते. तिच्यावर चौकोनी ठिगळ लावून कडेने सरळ उभी वेल्ड मारली की सगळा ताण त्या एका रेषेत गोळा होतो आणि पुढची चीर तिथूनच जाते. पट्टीची टोकं तिरकी कापलेली असावी लागतात, उष्णता सांभाळावी लागते, आणि आधी तडा कुठे संपतो ते शोधून त्याच्या टोकाला भोक पाडावं लागतं. ट्रकची बॉडी बांधणाऱ्या जुन्या वेल्डरला हे पाठ असतं. त्याला घरी बोलवावं आणि आपण शेजारी उभं राहून पाहावं. आणि चेसिस मूळ जागीच सडली असेल, तर तिथे थांबावं. त्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीला जीव देईल. ती गाडी मात्र रस्त्यावर यायची नाही.

रंगाचा क्रम मी शेवटी लावतो तो याच कारणाने. बाजारात ज्याला रिस्टोरेशन म्हणतात त्यात बहुधा उलटं होतं. भोकावर जाळी, जाळीवर पुट्टी, पुट्टीवर घासकाम, त्यावर दोन हात चकचकीत रंग, आणि फोटो. सहा महिन्यांत पुट्टीच्या कडेने पुन्हा फोड येतात. पण मला त्याहून मोठी अडचण वाटते ती अशी की रंग ही माहिती झाकतो. गंजलेली गाडी निदान तिची दुखणी दाखवते. रंगवलेली गाडी विकत घेणाऱ्याला ती घाटात उतरताना कळतात.

आता ब्रेक. जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये पाणी असतं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, तो सिलिंडरच्या तळाशी जातो, आणि व्हील सिलिंडर आतून खरवडल्यासारखे होतात. पेडल अंगणात ठणठणीत लागतं. आंबा घाटात सलग ब्रेक लावून उतरताना तेच पाणी तापून वाफ होतं, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी नळ्या, सगळं नवं. इथे जुनं घासूनपुसून चालवणं हा गुन्हा मानावा. ड्रम उघडताना आतली धूळ हवेने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात गेलं की बाहेर येत नाही. पाण्याने भिजवून पुसून घ्यावी. गॅरेजांमधून पोरं कॉम्प्रेसरच्या नळीने ड्रम साफ करताना मी कायम पाहतो, आणि हे थांबवायला कुणी का पुढे येत नाही याचा मला राग येतो.

इंजिनाकडे आलो की या गाडीचं मोठेपण कळतं. इंजिनाचं नाव ४८३ डीएल. चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर, असा तो आकडा. स्ट्रोक ९० मिलिमीटर. गुणाकार केला की बरोबर १९४८ सीसी येतात; शाळेतल्या मुलालाही ताडून पाहता येतील. पुढे इंडिकात आलेलं ४७५ हे याचंच धाकटं भावंड, ७५ मिलिमीटर बोअरचं. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही. ते आधी हेडमधल्या एका छोट्या कोठीत पेटतं आणि ती ज्योत खाली उतरते. त्यामुळे थंडीत सुरू करायला हीटर प्लग तापवावे लागतात, आणि थोडं डिझेल जास्त लागतं. पण त्या बदल्यात मिळतो सौम्य आवाज आणि कमी दाबावर चालणारी साधी यंत्रणा. संगणक नाही, सेन्सर नाहीत. एकदा सुरू झालं की जाळायला डिझेल आणि श्वासाला हवा, एवढंच. रूडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्कला चाललं, त्यातलं मूळ तत्त्व इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं: हवा इतकी दाबायची की ती तापून स्वतःच इंधन पेटवेल.

साधं म्हणजे ढोबळ नव्हे, हेही इथेच कळतं. इंजेक्शन पंपाचा प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. धुळीचा कण त्याहून मोठा असतो. आमच्याकडे पंप-नोझलचं काम करणारे एक चाचा आहेत. पंप बाकावर ठेवताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पंपाबद्दल नव्हता.

"टाकी धुतली का, सर?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मग हा घेऊन जा परत. मी पंप करून देईन, तुम्ही त्याच टाकीतलं डिझेल त्यात सोडाल, आणि महिन्यात म्हणाल चाचांनी काम केलं नाही."

टाकी उतरवली. तळाला पाणी होतं, आणि पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळा चिकट गाळ. डिझेलमध्ये जिवाणू आणि बुरशी वाढते, त्याची ही साय. टाकी धुतली, नळ्या बदलल्या, फिल्टर नवे घातले आणि मग पंप चाचांकडे परत गेला. नोझल तपासणं हे पाहण्यासारखं काम आहे. हाताने दांडा दाबून सव्वाशे-दीडशे बारपर्यंत दाब चढवायचा. चांगली नोझल कर्रकर्र आवाज करत धुक्यासारखी फवारते, खराब नोझल पिचकारी मारते किंवा थेंब गाळते. त्या फवाऱ्यासमोर बोट धरलं तर डिझेल कातडी भेदून आत जातं, म्हणून चाचा शिकाऊ पोराला नोझलच्या समोर कधीच उभं करत नाहीत. धुकं म्हणजे पूर्ण ज्वलन, पिचकारी म्हणजे काळा धूर. माझ्या गाडीच्या चारपैकी तीन नोझल पिचकाऱ्या मारत होत्या. ही गाडी वर्षानुवर्षं कुणाच्या तरी नाकात धूर घालत हिंडली, आणि चार नोझल बदलून तो बराचसा थांबला असता. नाशिकला बॉशचा कारखाना आहे, जुन्या माणसांच्या तोंडी अजून मायकोच. तिथे पिढ्यान् पिढ्या नोझल बनल्या. नोझल महाराष्ट्रातच बनत होत्या, तरी या गाडीच्या बदलल्या गेल्या नाहीत. मालकाला धुराचं कारणच माहीत नव्हतं.

बाकीचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं. क्रँक ग्राइंडिंग, लायनर, हेडचं फेसिंग. शेती पंपांची इंजिनं सुधारून सुधारून तयार झालेले हे लेथवाले शतांश मिलिमीटरमध्ये बोलतात, आणि गाडी कुठल्या सालातली हे विचारत नाहीत. क्रँकचं माप काय आलं, एवढंच विचारतात.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना मी हवा ओढणाऱ्या तोंडाजवळ एक जाड फळी घेऊन माणूस उभा केला होता. पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबतं. डिझेल इंजिनाला ठिणगीच नसते. पंप चुकून पूर्ण उघडा अडकला, किंवा इंजिनाला कुठूनतरी स्वतःचंच ऑइल जाळायला मिळालं, तर चावी बंद करून काही होत नाही. ते वेग वाढवत जातं आणि शेवटी फुटतं. त्याला थांबवायचा भरवशाचा मार्ग, श्वास कोंडणे. फळीची गरज पडली नाही. हँड प्रायमर मारून एअर काढली होती, तरी दोन नळ्यांचे नट ढिले करून सेल्फ मारावा लागला. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं, नट आवळले, आणि चौथ्या सिलिंडरने बाकी तिघांना येऊन मिळायला थोडा वेळ घेतला. पांढरा धूर आला, पातळ झाला, आणि गेला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण डिझेलचा धूर तो धूरच. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. पीयूसीच्या केंद्रावर भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाडीचा धूर ६५ हार्ट्रिज एककांच्या आत असला की प्रमाणपत्र मिळतं. पण ते यंत्र फक्त धुराचा दाटपणा मोजतं. सर्वांत बारीक कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्याला दिसत नाहीत. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांना कणांची गाळणी असते. माझ्या पिकअपला ती नाही आणि बसवताही येणार नाही. कितीही उत्तम नोझल घातल्या तरी ही गाडी आजच्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. जो हौशी माणूस याचं उत्तर 'पण ट्रक किती धूर सोडतात' असं देतो, त्याने स्वतःचीच बाजू कमकुवत केली.

माझं उत्तर वापराच्या मर्यादेत आहे. गाडी किती धूर सोडते हे ती किती चालते यावर ठरतं. रोज मिरज-पुणे माल नेणारी जुनी डिझेल गाडी बदललीच पाहिजे, ती कितीही प्रेमाने जपलेली असो. शहराच्या गर्दीत रोज फिरणारीही बदलली पाहिजे. पण आठवड्यातून एकदा शेतावर खत नेणारी आणि वर्षाकाठी दोन-तीनदा घाट उतरणारी गाडी भंगारात घालून तिच्याजागी नवी आणली, तर हिशेब वेगळा पडतो. एक टन नवं पोलाद बनवताना जगाच्या सरासरीने दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय रबर, प्लास्टिक, काच, रंग. तो सगळा भार थोड्याशा किलोमीटरांवर पडतो. भंगाराला मी कमी लेखत नाही. जालन्याच्या भट्ट्यांत जुन्या गाड्या वितळतात आणि घरांच्या सळ्या होतात, हे उत्तम काम आहे. पोलाद वाया जात नाही. वाया जातं ते त्या पोलादाला दिलेलं रूप. शतांश मिलिमीटरपर्यंत घासलेला, अजून माप सोडलेलं नाही असा क्रँक तिथे किलोच्या भावाने जातो. सडलेल्या चेसिसचं आणि त्या क्रँकचं मोल एकच धरणारी व्यवस्था मला पटत नाही.

कायद्याचं दुखणं हेच आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. इथपर्यंत वयाला अर्थ आहे, कारण पुढे तपासणी येते. पण २०२१ साली ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाबरोबर जे वातावरण तयार झालं, त्यात तपासणी मागे पडली आणि वय पुढे आलं. २०२२ च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना नंतर आणखी वाढलं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत तर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर सरसकट बंदीच कायम केली. दिल्लीची हवा पाहता त्या निर्णयामागची तळमळ मला कळते. सरकार वय का मोजतं हेही कळतं: वय कागदावर असतं, ते मोजायला निरीक्षक लागत नाही आणि त्यात चिरीमिरीला वाव नसतो. पण पूर्वी ज्या तपासण्या आर.टी.ओ.च्या मैदानावर गाडीभोवती एक चक्कर मारून आटपत, त्या तपासण्या आता यंत्रावर करण्यासाठी स्वयंचलित केंद्रं उभी राहत आहेत. ब्रेकची पकड रोलरवर मोजता येते, धूर मोजता येतो, स्टिअरिंगची ढिलाई मोजता येते. अवस्था मोजायचं साधन हातात आल्यावर वयाच्या आधारे दंड करत राहण्याला कारण उरत नाही. शुल्क वाढवायचंच असेल तर नापास होणाऱ्याचं वाढवा.

याच कायद्यात दुसऱ्या टोकाला एक सवलत आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळाली: २०,००० रुपये शुल्क, नंबरात व्हीए ही अक्षरं, आणि प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कारणांखेरीज रस्त्यावर आणायची नाही अशी अट. नियम चांगला आहे. पण पहिली टाटामोबाइल या दारात २०३८ साली पोचेल, आणि तीही धंद्यासाठी न वापरलेली असली तरच. पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंतची पस्तीस वर्षं गाडीने कशी काढायची, यावर नियम गप्प आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते. गाडी मूळ रूपात आणि धड अवस्थेत आहे असं तपासनीसाने लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे अशी मधली पायरी असायला हवी: तीस वर्षांची गाडी, मूळ रूपात, दरवर्षी यंत्रावर ब्रेक आणि धुराची तपासणी, वर्षाला किलोमीटरची मर्यादा, आणि मोठ्या शहरांच्या हद्दीत प्रवेश नाही. मी स्वतः या सगळ्या अटी आनंदाने मान्य करीन.

मूळ रूपाची अट मला जाचक वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं की कंपनीने बनवलेल्या रूपापेक्षा आणि नोंदणीच्या पुस्तकातल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येणार नाही. जुन्या पिकअपला रुंद चाकं, वर उचललेली सस्पेन्शन आणि छतावर दिव्यांची माळ लावणाऱ्यांना तो निकाल खुपला. मला तो योग्य वाटतो. या गाडीचे ब्रेक एका ठरावीक वजनाला आणि ठरावीक चाकाला मोजून बनवलेले आहेत. चाक मोठं केलं की तेच ब्रेक लहान पडतात, आणि ते कुणी पुन्हा मोजत नाही.

आता खरी गरज कागदांची आहे. या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका मला एका बंद पडलेल्या गॅरेजच्या कपाटात मिळाली, तीही निम्मी वाळवीने खाल्लेली. हेडचे बोल्ट कुठल्या क्रमाने आणि किती जोराने आवळायचे, हे पान शाबूत होतं म्हणून निभावलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्यात मोटारींचं क्षेत्रही घेतलं. त्या कामातून एक साधी गोष्ट व्हावी: ज्या गाडीचं उत्पादन थांबलं, तिच्या पुस्तिका, मापं आणि वायरिंगचे नकाशे कंपनीने सर्वांसाठी खुले करावेत. त्यात गुपित काही उरलेलं नसतं. जवळपास प्रत्येक तालुक्यात आयटीआय आहे, बहुतेक ठिकाणी डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि तिथली मुलं स्टँडवरची अशीच जुनी इंजिनं उघडून शिकतात. त्या मुलांच्या हातात ही मापं पडली, तर चाचांच्या बाकावर उभं राहायला पुढचा माणूस मिळेल. चाचांचा मुलगा बँकेत आहे. शिकाऊ पोरगा हुशार आहे, त्याला कानाने नोझल ओळखता येते, पण नोझल कुठल्या दाबावर उघडली पाहिजे हे आकडे चाचांच्या डोक्यात आहेत आणि ते अजून कुठे लिहिलेले नाहीत. ते लिहून घ्यायला मी रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे बसतो आहे.